दोन मिनिटांचं कुलूप

शहाद्याहून तोरणमाळला निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागतं. जळगावकडचं, रेल्वे स्टेशन असलेलं म्हसावद वेगळं आणि साताऱ्याकडचं म्हसवड तर आणखीच वेगळं. आपलं हे म्हसावद नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं. पुढे राणीपूर आणि मग घाट. पूर्वेला थोड्याच अंतरावर खेतिया, म्हणजे मध्य प्रदेश. पश्चिमेला तळोदा-अक्कलकुव्याच्या अंगाने गेलं तर गुजरात. त्यामुळे गावातल्या रस्त्यावर एमएच ३९ सोबत एमएच १८, एमपी ४६ आणि जीजेच्या दोन-तीन मालिका सहज दिसतात. परक्या नंबराची गाडी पाहून पुण्याच्या एखाद्या सोसायटीचा वॉचमन मान वळवेल, इथे कुणाला काहीच वाटत नाही. लोकांचे सोयरेच तीन राज्यांत आहेत.

वाहनचोराला हे फार सोयीचं पडतं. बाजारातून उचललेली मोटारसायकल मालकाच्या लक्षात येईपर्यंत राज्याबाहेर गेलेली असू शकते, किंवा सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, जिथे रस्ता संपतो आणि मोबाइलचं नेटवर्क त्याच्याही आधी संपतं. स्थानिक गुन्हे शाखेने चोरीच्या दुचाकी हस्तगत केल्याच्या बातम्या खानदेशातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. पोलीस ठाण्याच्या आवारात ओळीने उभ्या केलेल्या गाड्या आणि मागे उभं पथक, हा फोटो आपल्या ओळखीचा आहे. त्या ओळीत बुलेट क्वचित, स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाइन जास्त. कारण सरळ आहे. १९९४ साली आलेली स्प्लेंडर इतकी पसरली आहे की तिचा कुठलाही भाग कुठेही खपतो आणि अख्खी गाडी कुठेही उभी केली तरी ती कुणाच्या नजरेत भरत नाही.

वाहनचोरीबद्दल बोलताना आपण नेहमी कुलपाच्या ताकदीबद्दल बोलतो. कुलूप किती जाड, साखळी किती वजनदार. चोर मात्र ताकदीचा विचार कमी करतो, वेळेचा जास्त. गाडीशी झटताना दिसण्याची मुदत त्याला फार थोडी मिळते. एखाद्या गाडीपाशी कुणी अर्धं मिनिट वाकलं तर ‘स्टार्ट होत नसेल’ असं वाटतं. दोन मिनिटं झाली की पानटपरीवरचा माणूस मदतीला येतो, आणि मदतीला आलेला माणूस चोराला पोलिसाइतकाच नको असतो. साधे उपाय विकत घेतात ती ही दोन मिनिटं. गाडी कायमची सुरक्षित करणारी वस्तू अजून बाजारात आलेली नाही, आणि तशी जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गुन्हेशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलं, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. चोराचं मन बदलणं आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आहेत. म्हसावदच्या आठवडे बाजारात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत, महाशिवरात्रीच्या तोरणमाळच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात या तीनही गोष्टी आपोआप एकत्र येतात. गर्दी हजारोंची आणि राखणदार कुणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं शेजारची गाडी शेजाऱ्याची आहे.

आधी गाडीबरोबर फुकट मिळालेलं कुलूप पाहू. हँडल डावीकडे वळवून चावी फिरवली की आतली एक लोखंडी पिन पुढे सरकते आणि हँडलच्या दांड्यातल्या खाचेत बसते. हँडल वाकडं राहतं, गाडी सरळ ढकलता येत नाही. पिन फार जाड नसते आणि जोर लावून मोडता येते, हे चोरालाही माहीत असतं. तरीही हँडल लॉक लावायचंच, कारण ते मोडताना आवाज होतो, अंगाची हालचाल दिसते आणि वेळ जातो. आपल्याकडे निम्मे लोक ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून ते लावतच नाहीत. बँकेतली दोन मिनिटं किती लांबतात हे पीककर्जासाठी रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारावं.

चावीच्या कुलपात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. योग्य चावी घातली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरतं. आठ-दहा वर्षं धूळ खाल्ली, रोज पन्नास वेळा चावी घातली-काढली की पट्ट्या झिजतात, चावीचे दातही झिजतात. मग भावाच्या गाडीची चावी आपल्या गाडीला लागायला लागते. घरात आपण यावर हसतो. पण जे भावाच्या चावीने होतं ते कुणाच्याही चावीने होऊ शकतं. गाडी चालू असताना चावी हाताने ओढून बाहेर निघत असेल तर लॉकसेट बदलायची वेळ केव्हाच झालेली आहे. इग्निशन, पेट्रोल टाकी आणि बाजूच्या पॅनेलचं कुलूप मिळून हा सेट येतो. जुन्या गाडीवर केलेल्या खर्चात याच्याइतका कारणी लागणारा खर्च दुसरा नाही.

वरून लावायच्या कुलपांत साखळी अजून सगळ्यात भरवशाची, पण लावण्याची पद्धत चुकली तर ती शोभेची ठरते. बस स्टँडवर उभ्या गाड्या नीट पाहा. साखळी पुढच्या चाकाच्या तारांमधून काढून त्याच चाकाभोवती गुंडाळलेली असते आणि कुलूप खाली मातीत लोळत असतं. अशी गाडी चालवता येत नाही हे खरं, पण दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकली तर साखळीसकट जाते. आणि जमिनीवर टेकलेली साखळी कापणं हवेत लोंबणारी कापण्यापेक्षा सोपं, कारण हत्याराला जमिनीचा आधार मिळतो. साखळी मागच्या चाकातून आणि चासीच्या एखाद्या घट्ट भागातून घ्यावी, ती एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधावी आणि कुलूप जमिनीपासून वर राहील असं ठेवावं. घराच्या ओट्यात सिमेंट ओलं असतानाच एक जाड लोखंडी कडी बसवून घेतली की रात्रीचा प्रश्न बराच सुटतो. पूर्वी ओट्याला बैलासाठी कडी असायचीच. नवीन बांधकामात ती गेली.

डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांना डिस्क लॉक मिळतं. ब्रेकच्या चकतीच्या भोकात ते अडकतं, आणि काहींत हलवलं की कर्कश वाजणारा भोंगाही असतो. छोटं असल्याने खिशात मावतं. त्याचा एकच दोष, मालक स्वतःच विसरतो, गाडी सुरू करून निघतो आणि तोंडावर पडतो. म्हणून कंपन्या त्याच्यासोबत रंगीत वायर देतात. तिचं एक टोक कुलपाला आणि दुसरं हँडलला लावायचं. ती वायर फेकून देऊ नये. भडक रंगाची वायर लांबून दिसते, म्हणजे चोरालाही दिसते.

असल्या किरकोळ अडथळ्यांनी खरंच काही फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळतं. पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये सगळ्या मोटारींना, नव्या आणि जुन्या, स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं. कार चोरीचं प्रमाण घसरलं आणि बराच काळ खालीच राहिलं. त्याच देशातली दुसरी गोष्ट मला याहून जास्त आवडते, कारण ती कुणी ठरवून केलेली नव्हती. तिथे १९७६ पासून हेल्मेट सक्तीचं होतं, पण न घालणाऱ्याला जागेवर दंड सुरू झाला १९८० मध्ये. हेतू अपघातातले मृत्यू कमी करण्याचा. झालं असं, की १९८० साली सुमारे दीड लाख असलेल्या मोटारसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत सुमारे पन्नास हजारांवर आल्या. गाडी दिसली, मोह झाला, उचलली, असा चोर घरून हेल्मेट घेऊन निघालेला नसतो. बिनहेल्मेटचा माणूस पोलिसांना लांबून दिसायला लागला आणि त्याच्यासोबत चोरही. मग हे चोर गाड्या सोडून मोटारी आणि सायकलींकडे वळले का, हेही अभ्यासकांनी तपासलं. काही वळले असतील, पण तेवढ्या प्रमाणात त्या चोऱ्या वाढल्या नाहीत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचं आहेच. शहादा-म्हसावद रस्त्यावर ते किती डोक्यांवर दिसतं हे सांगायला नको. सगळेच बोडके असतील तर चोरही त्यांच्यातलाच एक.

उलटा धडा अमेरिकेचा. मोटारीच्या चावीत एक चिप असते आणि गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू होतं, या सोयीला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. अमेरिकेत सक्ती नव्हती, म्हणून ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी तिथल्या अनेक स्वस्त मॉडेलांत ती बसवलीच नाही. २०२१-२२ च्या सुमारास ही उणीव समाजमाध्यमांवर फिरलेल्या व्हिडिओंमुळे पोरासोरांना कळली आणि शहरांमागून शहरांत या गाड्या चोरीला जाऊ लागल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदलून द्यायचं जाहीर केलं, आणि त्यासोबत मालकांना फुकट वाटलं ते काय, तर स्टिअरिंगला आडवं लावायचं लोखंडी दांड्याचं कुलूप. आपल्या बोलेरो पिकअपवाल्यांकडे असतं तेच.

कुलपावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. माझ्या गाडीला साखळी दिसली तर चोर शेजारची उचलेल, म्हणजे चोरी थांबली कुठे? नुसती सरकली. इयान आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये याचं दुसरं टोक दाखवलं. अमेरिकेत लोजॅक नावाचं रेडिओ यंत्र गाडीत लपवून बसवत. बाहेरून काही कळायचं नाही, खुणेचं स्टिकरही नसायचं. गाडी चोरीला गेली की पोलीस तिचा माग काढत. हे यंत्र शहरातल्या थोड्याच गाड्यांत होतं, तरी तिथल्या एकूणच वाहनचोऱ्या कमी झाल्या. कुठल्या गाडीत आहे हे न कळल्यामुळे चोराला प्रत्येक गाडीची धास्ती. म्हणजे दिसणारं कुलूप मालकाचं रक्षण करतं आणि न दिसणारं कुलूप आळीचं. माझ्या मते दोन्ही हवीत, आणि न दिसणाऱ्याकडे आपलं फारच दुर्लक्ष झालं आहे.

न दिसणारी कुलपं महाग नसतात, काही तर फुकट असतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. गाडी उभी करताना तो बंद केला की चोराने गाडी चालू केली तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ती थोडंसंच अंतर जाते आणि बंद पडते, बहुधा भर रस्त्यात. तिथे किका मारत बसण्याची हिंमत फार कमी चोरांना असते. प्लगची टोपी ओढून सैल करून ठेवणं हा दुसरा उपाय. इंजिन तापलेलं असेल तर हात भाजतो, म्हणून जरा थांबून करावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, बहुतेकांत कॉकही राहिला नाही. तिथे बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढून खिशात टाकता येतो. लग्नाला जाऊन रात्रभर गाडी मांडवाबाहेर ठेवायची असेल तेव्हा एवढी तसदी घ्यायला हरकत नाही.

मेकॅनिककडून लपवलेलं बटण बसवून घेण्याची पद्धत जुनी आहे. सीटखाली किंवा पॅनेलच्या मागे एक छोटं बटण असतं आणि ते दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही. जुन्या गाडीला हे उत्तम. नव्या गाडीला मात्र वायरिंग तोडून काही जोडलं की वॉरंटी धोक्यात येते, आणि जोड ढिला पडला तर गाडी घाटात बंद पडण्याची शक्यता असते. त्यामुळे नव्या गाडीला कंपनीने दिलेला किंवा नुसता प्लगमध्ये बसणाराच जोड घ्यावा. आणि बटण कुठे आहे हे गावभर सांगत फिरू नये. गाडीचं गुपित सगळ्यात आधी फुटतं ते मित्रांत गाडी फिरवायला देताना.

जीपीएस ट्रॅकर आता स्वस्त झाले आहेत. त्यात सिमकार्ड असतं, उपग्रहांवरून कळलेली जागा ते मोबाइलच्या नेटवर्कवरून मालकाला कळवतं. मैदानी भागात, प्रकाशा-शहादा-तळोदा पट्ट्यात, ते चांगलं काम करतं. गाडी घाट चढली की नेटवर्क तुटतं आणि फोनवर शेवटची जागा तेवढी दिसत राहते. तीही कमी नाही, कारण पोलिसांना दिशा मिळते. पण ट्रॅकर गाडी थांबवत नाही, ती कुठे गेली एवढंच सांगतो. ठिपका दिसला म्हणून चार मित्र घेऊन रात्री पाड्यावर धडकण्याचा प्रकार करू नये. यात एखाद्या निरपराध माणसाला मार बसतो, आणि कधी आपल्यालाही.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळं आहे. केळी-पपई-उसाला पाणी द्यायला रात्रीच्या लाइटच्या पाळीला जावं लागतं. गाडी बांधावर उभी, मालक शेतात आत, आणि मोटारीच्या आवाजात गाडीचा आवाज ऐकू येत नाही. इथे राखणदारच नसल्यामुळे दोन मिनिटांचा हिशेब कोलमडतो. चोराला अर्धा तासही मिळतो. अशा ठिकाणी गाडी शक्य तितकी आत, विहिरीपाशी न्यावी, निंबाच्या खोडाला साखळीने बांधावी, आणि वर सांगितलेलं एखादं न दिसणारं कुलूप लावावं. ट्रॅक्टरची चावी हा तर विनोदाचाच विषय. एकाच कंपनीच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांच्या चाव्या एकमेकांना चालतात हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. त्यासाठी बॅटरीचा कटऑफ स्विच बसवून त्याची दांडी काढून घरी न्यावी. ट्रॉलीला ना चावी ना इंजिन, ती कुठल्याही ट्रॅक्टरला जोडून नेता येते. बरेच शेतकरी ट्रॉलीवर रंगाने नाव लिहितात. रंगावर रंग बसतो. त्यापेक्षा वेल्डिंगच्या रॉडने नाव आणि गाव दोन-तीन ठिकाणी, त्यातलं एक खालच्या बाजूला, उमटवून घ्यावं. मिटवायचं तर ग्राइंडर फिरवावा लागतो, आणि ग्राइंडरची खूण स्वतःच बोलकी असते.

उपाय करूनही गाडी गेली तर पुढचं सगळं कागदावर येतं. त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. मोटारसायकलचं हँडल पूर्ण वळवा, हेडलाइटच्या मागे जिथे हँडलचा दांडा चासीत शिरतो तिथल्या नळीवर बोटाने धूळ पुसा. तिथे सतरा अक्षर-अंकांची एक ओळ ठोकलेली असते. धूळ घट्ट बसली असेल तर रॉकेलचा बोळा फिरवावा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरं कागदावर उमटतात. आरटीओचे एजंट आणि विमावाले असाच ठसा घेतात. असा एक ठसा, मोबाइलमध्ये एक फोटो आणि इंजिन नंबरची नोंद घरात ठेवावी. आरसी आणि विम्याचे कागद गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवण्याची सवय मात्र सोडावी. चोराला गाडीबरोबर तिची ओळखपत्रंही आपणच देतो. डिजिलॉकरमधली आरसी पोलिसांना दाखवली तरी कायद्याने चालते.

चोरी लक्षात आली की आधी ११२ वर फोन आणि मग लगेच पोलीस ठाणे. आसपास शोधाशोध करण्यात, ‘कुणी ओळखीच्याने नेली असेल’ म्हणण्यात पहिला तास जातो, आणि सीमेजवळच्या गावात पहिला तासच महत्त्वाचा. गावच्या पोलीस पाटलालाही फोन करावा. आसपासच्या गावांच्या पोलीस पाटलांना निरोप पोचवणं त्याला आपल्यापेक्षा लवकर जमतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाची चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. गुन्हा कुठल्या ठाण्याच्या हद्दीत घडला याचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, म्हणजे खेतियाच्या बाजारात गेलेल्या गाडीची फिर्याद म्हसावदला देता येते. तिथून ती पुढे पाठवली जाते.

विम्यात लोक हमखास फसतात, आणि फसवणारा बऱ्याचदा आपलाच गैरसमज असतो. रस्त्यावर पकडलं तर दाखवायला जो थर्ड पार्टी विमा काढतात, त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे ‘पाच वर्षांचा विमा आहे’ असं मालक समजतो, आणि स्वतःच्या गाडीचा भाग एका वर्षानंतर संपलेला असतो. तो चालू असेल तरी भरपाई नव्या गाडीच्या किमतीची नसते. चौथं वर्ष संपून पाचवं चालू असेल तर गाडीची विम्यातली किंमत निम्म्यावर आलेली असते. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी पहिल्याच छल्ल्यात अडकवू नये. तपास होऊन चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी पाठवतात. गुन्हा खरा, पण उलगडला नाही, असा तिचा अर्थ. तो कागद मिळाल्याशिवाय पैशाचं पान हलत नाही.

चावी गाडीलाच राहिली होती, असं कळलं की विमा कंपनी निष्काळजीपणाचं कारण पुढे करते. अशाच एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. कळवायला उशीर झाला एवढ्यावरून, फिर्याद वेळेत दिलेली असताना, दावा नाकारता येणार नाही असंही त्याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. पण न्याय दिल्लीत मिळाला म्हणजे तिथपर्यंत कुणालातरी जावं लागलं. चावी काढून खिशात ठेवणं त्यापेक्षा स्वस्त.

गाडी सापडली तर ती लगेच हातात येत नाही, मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहते. आवारात वेली चढलेल्या गाड्या आपण पाहतोच. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहनं अशी सडवत न ठेवता फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला लवकर परत द्यावीत असं स्पष्ट केलं. त्यासाठी न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर गाडी सोडवून घ्यावी लागते. वकिलाला हा निकाल पाठ असतो, मालकाने अर्ज करायचा तेवढा बाकी असतो.

आता उरला तो माणूस ज्याच्याबद्दल आपण बोलतच नाही, चोरीची गाडी घेणारा. चोर गाडी स्वतः वापरायला नेत नाही, विकायला नेतो. पाड्यावर, शेतमजुराला, वीटभट्टीवर, ‘कागद नंतर देतो’ म्हणून काही हजारांत गाडी दिली जाते आणि घेणाऱ्यालाही ती शेत आणि बाजार एवढ्यातच फिरवायची असते. याच भागात माणूस बैल घेताना दात पाहतो, खोड विचारतो, बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावं हातात धरत नाही, कारण बैल चोरीचा निघाला तर काय होतं हे त्याच्या आजोबांनाही माहीत होतं. जुन्या काळी चोरीच्या जनावरांचा माग भिल्ल जागले पावलांवरून काढत, आणि माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे त्या गावाला तो पुढे काढून द्यावा लागे किंवा भरपाईची जबाबदारी घ्यावी लागे. चाकाचा माग डांबरावर उमटत नाही. पावतीचा नियम मात्र गाडीला तसाच लागू आहे.

जुनी गाडी घेताना मूळ आरसी, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० हवेतच. गाडी मध्य प्रदेश किंवा गुजरातची असेल तर तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि मालकाच्या नावाचा काही भाग दिसतो. गाडी हिरो आणि ॲपवर बजाज निघाली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर चोरीच्या वाहनांच्या यादीत नंबर आहे का हेही तपासता येतं. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट असते, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवून का होईना. तिच्या डावीकडे अशोकचक्राचा चमकता होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक आणि बसवताना वापरलेली, एकदा लागली की तोडल्याशिवाय न निघणारी पिन असते. साधे स्क्रू दिसले तर कारण विचारावं.

शेवटी पुन्हा हँडलखालची ती नळी पाहावी. अक्षरांची ओळ वाकडी, एखादं अक्षर खोल आणि एखादं उथळ, आजूबाजूचा पत्रा नको इतका गुळगुळीत किंवा ताजा रंग लावलेला, अशी गाडी सोडून द्यावी. सतरा अक्षरी चेसिस क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. नंबर नव्याने ठोकणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून तो घेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खरोखर अजाणतेपणी घेतली असेल तरी गाडी मूळ मालकाकडे जाते, आणि दिलेले पैसे विकणाऱ्याकडून परत मिळवण्याची खटपट घेणाऱ्याने स्वतः करायची असते.